‘नो मोर’ लिहिलेली तार

कमलनगर स्टेशनापासून दीड कोसावरच्या एका गावात मी चौदा वर्षं मास्तरीण होते. मुलींची सरकारी शाळा, दोन खोल्यांची, आणि शिकवायला मी एकटी. राज्य निजामाचं होतं. कचेरीतलं काम उर्दूत चाले, घराघरात मराठी, बाजारात कानडी, आणि औरादकडची माणसं आली की तेलुगूही कानावर पडे. इंग्रजी मात्र त्या गावात माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हतं.

तेराव्या वर्षी मी विधवा होऊन माहेरी परत आले. वडिलांनी भाऊबंदांचं न ऐकता मला बीदरला मिशनच्या शाळेत घातलं. तिथे सहावीपर्यंत इंग्रजी शिकले. फार नाही, पण अक्षर चांगलं होतं आणि शब्द पुष्कळ पाठ होते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, रेल्वेची पावती असो की सोलापूरच्या गिरणीतून आलेला कागद, सगळं माझ्यापुढे यायचं. मी वाचून दाखवी तेव्हा माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत. एकविसाव्या वर्षी असं कुणी बघितलं की डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली होती.

मी खोली घेऊन राहत होते ते घर एका शेतकऱ्याचं होतं. साठीच्या त्या गृहस्थांना सगळं गाव अप्पा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला अक्का. मुलगी कडगंचीला दिलेली होती. मुलगा सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम करत होता.

त्या वर्षी अप्पांना मुदतीचा ताप आला. वीस दिवस त्यांनी डोळे उघडले नाहीत. अक्कांनी माझ्याकडून मुलाला पत्र लिहून घेतलं, बापाचं काही खरं नाही म्हणून. पण एकविसाव्या दिवशी घाम येऊन ताप उतरला आणि अप्पांनी पहिला शब्द काढला तो ‘आंबील’ असा होता. त्याच दुपारी मुलाचं पत्र आलं. साहेब रजा देत नाही, तरी नोकरी गेली तर गेली, शनिवारच्या गाडीनं निघतो, असं त्यात होतं.

अप्पा अंथरुणातच उठून बसले.

“बाई, त्याला तार करा,” ते मला म्हणाले. “म्हनावं मी बरा हाय, येऊ नगंस.”

अक्का दारात उभ्या होत्या. “आला असता तर काय बिघडलं असतं?” त्या म्हणाल्या. “बापाचं तोंड बघून गेला असता.”

“आन नोकरी?” अप्पा म्हणाले. “कामाच्या टायमाला मानसानं कामावर ऱ्हावं.”

अक्का आत गेल्या.

तार मी पाटीवर तीनदा लिहून बघितली. ‘वडिलांचा आजार गेला, येऊ नकोस,’ एवढंच सांगायचं होतं. आधी लिहिलं, ‘फादर हॅज नो मोर सिकनेस, डू नॉट कम.’ मग तारेत शब्द जितके कमी तितके बरे म्हणून ‘हॅज’ पुसला. उरले सात शब्द. फादर नो मोर सिकनेस डू नॉट कम. मला ते इतकं सुटसुटीत वाटलं की मी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

स्टेशनातला तारबाबू मद्रासकडचा होता. कानडी, मराठी त्याला येत नसे, आमच्याशी तो मोडक्या दखनीत बोलायचा. मी माझ्या वळणदार अक्षरात फॉर्म भरून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो वाचला. डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, “बहुत अफसोस हुआ, बाई.”

मला वाटलं, आजाराबद्दल म्हणतोय. मी हसून म्हटलं, “हौ, लेकिन अब सब ठीक है.”

त्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण तो वळला आणि यंत्रावर जाऊन बसला. बाईमाणूस इंग्रजी लिहिते याचं त्याला नवल वाटलं असेल, असं मी धरून चालले. परतीचा दीड कोस मी अगदी मजेत आले. अप्पांना सांगितलं, तार गेली, आता तो येणार नाही. आणि तो खरंच आला नाही. शनिवार गेला, रविवार गेला. पत्रही आलं नाही, पण कामात असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. अप्पा काठी टेकत अंगणापर्यंत येऊ लागले.

तार केल्याच्या नवव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत मी जेवायला घरी आले होते. अक्का ओट्यावर सुपात तूर पाखडत होत्या. वेशीकडून एका बाईच्या रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे माहेरी कुणी गेलं की लेक वेशीपासून गळा काढून येते. आवाज जवळ आला तसं अक्कांच्या हातातलं सूप थांबलं.

“ही तर माझी पोरगी हाय,” त्या म्हणाल्या.

पुढच्या क्षणी सगळी तूर ओट्यावर सांडली होती आणि अक्का ऊर बडवत गल्लीत धावत होत्या. “माझ्या जावयाला काय झालं गं माय! माझ्या लेकीचं कसं झालं गं!” लेकीचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, असंच त्यांना वाटलं. लेक समोरून आली, मोकळे केस, पायात काही नाही. दोघींनी एकमेकींच्या गळ्यात मिठी घातली. आई जावयासाठी रडत होती, लेक बापासाठी रडत होती, आणि दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू जात नव्हतं. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या आणि काही न विचारता त्याही रडायला लागल्या. मीही रडत होते. मला माझं तेरावं वर्ष आठवलं होतं.

मग लेकीनं मान वर केली, आईच्या कपाळाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बसला.

“माय, तू कुंकू लावून बसलीस? हातात बांगड्या ठेवलीस?”

“मी कामून काढू?” अक्का म्हणाल्या. “अगं, तुझं कुंकू गेलं न्हवं?”

तेवढ्यात अप्पा काठी टेकत दारात आले. “कोन गेलं? जावयाला काय झालं?” त्यांनी हाक मारली.

लेकीनं बापाकडे पाहिलं. तिच्या तोंडातून रडू नाही, किंकाळी नाही, नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला आणि ती होती तिथे मातीत कोसळली. तिचे डोळे उघडे होते पण दिसत काही नव्हतं. आम्ही चौघींनी उचलून ओट्यावर आणली. तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय केलं तर अप्पांच्या पायाला हात लावून ते गरम आहेत का बघितलं.

तिच्या पदराला एक कार्ड बांधलेलं होतं, कोपरा फाडलेलं. असं कार्ड आलं की कुणीतरी गेलं, हे मजकूर न वाचताच कळतं. अक्षर तिच्या भावाचं, मोडी. मी वाचलं. ‘गावाहून तार आली. आपले अप्पा गेले. गावात साथ आहे, येऊ नका असं तारेत आहे. गाव उठून रानात गेलं असणार, पत्र कुठं घालावं कळत नाही. मी इथंच तलावावर क्रिया करतो. तूही जाऊ नकोस.’ भावाचं न ऐकता ही कडगंचीहून बैलगाडीनं, मोटारीनं, पायी, मिळेल तशी निघून आली होती.

“कोनी केली तार?” अप्पांनी विचारलं. “गावात साथ कुटं हाय?”

साथ मागच्या साली आली होती. गाठीच्या तापानं, म्हणजे प्लेगनं, सगळं गाव तीन महिने झोपड्यांत राहिलं होतं. या साली काही नव्हतं. कार्ड हातात धरून मी उभी होते. माझ्याशिवाय त्या घरातून कुणी तार केलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी मी काय म्हणाले?

मी म्हणाले, “तारबाबूनं काहीतरी चुकवलं असणार. मी बरोबर लिहिलं होतं.”

अप्पांना चालवत नव्हतं. तरी त्यांनी गाडी जुंपायला लावली आणि मला घेऊन स्टेशनावर आले. तारबाबू जेवून नुकताच खुर्चीवर बसला होता. अप्पांनी काठी त्याच्या टेबलावर आपटली. “मी मेलो म्हून कोनी लिवलं? बोल!”

त्याला भाषा कळली नाही, राग कळला. मी दखनीत सांगितलं, हेच ते वडील, आणि तुम्ही तार चुकीची पाठवलीत. त्यानं कपाटातून फॉर्मांचा गठ्ठा काढला, एकेक उलटला आणि एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माझंच वळणदार अक्षर. सातच्या सात शब्द होते तसे.

“ये आप लिखे,” तो म्हणाला. “हम एक हर्फ नै बदले.”

मग त्यानं पेन्सिल घेतली आणि ‘फादर नो मोर’ या तीन शब्दांनंतर एक उभी रेघ ओढली. ‘सिकनेस’नंतर दुसरी. इंग्रजीत माणसाच्या नावापुढे ‘नो मोर’ आलं की तो माणूस गेला असंच समजतात, असं त्यानं मला हळूहळू सांगितलं. आठवड्यातून दोन-तीन तारा तरी अशा त्याच्या हातून जात. तारेत पूर्णविराम नसतो, वाचणारा जिथं अर्थ लागेल तिथं थांबतो. वडील गेले. साथ आहे. येऊ नकोस. त्यानंही तसंच वाचलं होतं, म्हणून टोपी काढली होती. आणि मी हसून ‘अब सब ठीक है’ म्हटलं तेव्हा ही कसली दगडाच्या काळजाची बाई, असं त्याला वाटलं होतं.

त्या दोन रेघांमधून ते शब्द आता मला दुसऱ्या कुठल्याच अर्थानं वाचता येईनात. पाटीवर तीनदा लिहिताना हे मला कसं दिसलं नाही? पुसलेला तो एक ‘हॅज’ ठेवला असता तरी कदाचित भागलं असतं.

दुसरी तार बाबूनंच लिहिली. ‘तुझे वडील जिवंत आणि बरे आहेत, लगेच ये,’ अशी. मी त्या फॉर्मला हातही लावला नाही.

परत येताना वाटेत मी अप्पांना सगळं सांगितलं, चूक माझी आहे, बाबूची नाही.

“म्हंजे नऊ दिस झालं मी मेलोय,” ते म्हणाले. “आन मलाच ठाव न्हाई.” मग थोड्या वेळानं, “गावात बोलू नगा. लोक पोरींना शाळेत धाडायचे बंद करतील. तारबाबूचं चुकलं म्हनू.”

मी हो म्हटलं. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मुलगा आला. गाडीतून उतरून स्टेशनापासून तो पळतच आला असावा, अंगरखा घामानं चिंब होता. त्याला बघून अक्का ओरडायच्या बेतात होत्या त्या तोंडावर हात दाबून खाली बसल्या. त्याचं डोकं गुळगुळीत होतं आणि मिशा नव्हत्या. आमच्याकडे बाप असताना मिशा कोणी काढत नाही. अप्पांचा हात आपोआप स्वतःच्या मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. जिवंतपणी स्वतःचं सुतक मुलाच्या तोंडावर बघणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मुलानं त्यांचे पाय धरले ते सोडीचना.

“कारखान्यातल्या कारकुनानं तार वाचून दाखवली,” तो सांगू लागला. “मी म्हनलं, मागच्या सालासारखीच साथ आली असंल. दहाव्याला तलावावर पिंड ठेवला. कावळा शिवंना. दोन तास शिवंना. मी म्हनलं, अप्पाचं कायतरी मनात ऱ्हायलंय. मी शेत सोडून शहरात गेलो त्याचा राग असंल. मी हात जोडून म्हनलं, अप्पा, चुकलं माझं, पुन्हा येतो शेती करायला. तरी शिवंना. मग दर्भाचा कावळा करून शिवला. घरी आलो तर दुसरी तार.”

त्यानं डोळे पुसले आणि उठला. “कुटं हाय तो तारबाबू? त्याला जित्ता सोडत न्हाई.”

तेव्हा मला राहवलं नाही. अंगणात गल्लीतली दहा-पंधरा माणसं होती, माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया होत्या. मी म्हटलं, “त्याची चूक नाही. ती तार मी लिहिली. मला वाटलं होतं तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं.”

एक बाई आपल्या मुलीचा हात धरून उठून गेली. मुलगा माझ्याकडे बघत उभा राहिला. मारायलाही येत नाही आणि सोडवतही नाही अशी त्याची दशा झाली होती. शेवटी अक्काच म्हणाल्या, “बस खाली. आधी जेव.” एवढ्यावर ते मिटलं, निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गावचे जोशीबुवा आले. ओट्यावर न बसता उभ्यानंच बोलले. ज्याच्या नावानं पिंड पडला तो माणूस घरात तसाच वावरला तर घराला बरं नाही. त्याचा नव्यानं जन्म झाला असं धरून बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करावे लागतील. आणि शेवटी लग्नही, त्याच बायकोशी.

अप्पा आधी चिडले, मग लेकीच्या आग्रहाला मान तुकवली. गुरुवारी साठ वर्षांच्या अप्पांचं बारसं झालं. त्यांना न्हाऊ घातलं, नव्या कापडात गुंडाळलं, पाळण्याशेजारी बसवलं आणि त्यांच्या बहिणीनं त्यांच्या कानात त्यांचंच नाव सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पा मात्र हसले नाहीत, इकडेतिकडे असे बघत होते की जणू खरंच आत्ताच कुठून तरी आलेत.

लग्न सोमवारी ठरलं. अंगणात पाट मांडले, लेकीनं हळद कालवली, मुंडावळ्या आल्या. जोशीबुवांनी सहज, नुसतं बोलायचं म्हणून अक्कांना विचारलं, “काय अक्का, तयारी आहे ना?”

“न्हाई,” अक्का म्हणाल्या.

जोशीबुवांना वाटलं, अजून काही सामान यायचं आहे. “काय राहिलंय?”

“कायबी ऱ्हायलं न्हाई. मी न्हाई म्हनते. मला हे लगीन करायचं न्हाई.”

मुलगा ‘माय’ म्हणून पुढे झाला, अक्कांनी त्याला हातानं थांबवलं. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. या बाईंनी दोन वर्षांत माझ्यादेखत नवऱ्याला उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. जे काही बोलायचं ते एक वाक्य बोलून आत निघून जायची त्यांची रीत होती. आज त्या आत गेल्या नाहीत.

“पयलं लगीन झालं तवा मी आठ वर्साची व्हते,” त्या म्हणाल्या. “झोपेतनं उचलून पाटावर बसवलं. कोनी इचारलं न्हाई. आज तुमी इचारलाव, म्हून सांगायलेय.”

“कामून पन?” अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज आजारपणात होता त्याहून बारीक झाला होता.

“माझी माय आजारी पडली तवा माझ्या भावानं मानूस धाडला व्हता. तुमी त्याला काय सांगितलाव?”

अप्पा पाटाकडे बघत राहिले.

“सांगा की समद्यांफुडं.”

“खळ्यावर रास व्हायचीय म्हनलं,” अप्पा म्हणाले.

“रास व्हायचीय, ती येनार न्हाई, म्हनलाव. मी आत ऐकत व्हते. चार दिसांनी माय गेली. तिचं तोंड मला दिसलं न्हाई. पयल्या लग्नात व्हते, सोसलं. त्ये लगीन तर आता संपलं म्हनायलेत न्हवं जोशीबुवा? मग दुसरं मी कामून करू?”

लेक रडत होती. जोशीबुवा म्हणत होते, अहो, हा नुसता विधी आहे, असं बोलू नये. कुणाचंच अक्कांकडे लक्ष जात नव्हतं, सगळे अप्पांकडे बघत होते, ते आता काय करतात म्हणून. अप्पा उठले, डोक्याच्या मुंडावळ्या सोडून हातात घेतल्या आणि गोठ्यात जाऊन बसले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. चूक माझी होती. माझ्या दोन शब्दांनी या घराचं काय काय उघड्यावर आणलं, असं मला वाटत होतं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, मलाही माझ्या लग्नात कुणी विचारलं नव्हतं आणि नंतर केस काढायच्या वेळीही विचारलं नव्हतं, वडील आडवे पडले म्हणून ते वाचले होते. ‘न्हाई’ हा शब्द असा अंगणात उभं राहून म्हणता येतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

सकाळी अक्कांनी लुगड्यांचं गाठोडं बांधलं. औरादच्या पलीकडे त्यांच्या भावाचं गाव होतं, तिथे त्या निघाल्या. मुलगा नोकरीवर परत जाताना त्यांना पोचवून गेला. अप्पा दारात उभे होते. ‘जाऊ नको’ म्हणाले नाहीत, ‘कधी येशील’ असंही विचारलं नाही.

त्यानंतरचा सव्वा महिना ते स्वतः भाकरी थापत. एका बाजूनं करपलेल्या, दुसऱ्या बाजूनं कच्च्या. मी करून देते म्हटलं तर नको म्हणत. माझ्या शाळेतल्या सात मुली याच काळात शाळा सोडून गेल्या आणि त्यातल्या दोनच परत आल्या. हैदराबादहून शाळा तपासायला आलेल्या बाईंना मी धीर करून माझी चूक विचारली. त्या म्हणाल्या, आजार गेला, हे सांगायला ‘नो लाँगर इल’ लिहितात, आणि ‘नो मोर’ असं माणसाला लावून कधी लिहू नये. किती सोपं होतं. मी ते घरी येऊन शंभर वेळा लिहिलं. पण कुणी कागद घेऊन आलं की मी त्याला स्टेशनावर बाबूकडे पाठवायची. वर्षभर मी कुणाला एक ओळ इंग्रजी लिहून दिली नाही.

एक दिवस अप्पा माझ्या दारात आले. “बाई, मराठीत एक चिठ्ठी लिवा. तिला.”

“काय लिहू?” मी विचारलं.

ते म्हणाले, “तुमीच लिवा काय त्ये. तुमी शिकलेल्या.”

“मी लिहिणार नाही अप्पा,” मी म्हणाले. “तुम्ही जा. तोंडानं सांगा.”

ते रागावून गेले. पण दोन दिवसांनी धोतर धुऊन, डोक्याला रुमाल बांधून, गाडी जुंपून गेले. सहाव्या दिवशी गाडी परत आली तेव्हा तीत अक्का बसल्या होत्या.

तिकडे काय झालं ते अक्कांनी मला पुढे खूप दिवसांनी, शेंगा फोडता फोडता सांगितलं. अप्पा तीन दिवस मेव्हण्याच्या ओट्यावर बसून होते. पिकाचं बोलले, पाण्याचं बोलले, बैलांचं बोलले. चौथ्या दिवशी अक्का अंगण झाडत असताना मान खाली घालून म्हणाले, “तुझ्या मायचं तोंड तुला बघू दिलं न्हाई. चुकलं माझं. येतीस का, इचारायला आलोय.” अक्कांनी अंगण पूर्ण झाडून काढलं. मग म्हणाल्या, “येते. पन लगीन न्हाई करनार.”

जोशीबुवांनी त्या घरचं पाणी सोडलं. अप्पांनी त्यांना समजवायला कुणाला पाठवलं नाही. दिवाळीला मुलगा आला तो मिशा वाढवून आला. लेक वर्षातून दोनदा येऊ लागली आणि दरवर्षी अक्काही दोनदा माहेरी जाऊ लागल्या, सुगी असो वा नसो.

भावाकडून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीसारख्या विहिरीवर गेल्या होत्या. मीही पाण्याला गेले होते. बायकांनी गराडा घातला. “मग अक्का, कवा लगीन?”

अक्कांनी कळशी बुडवली, भरली, वर ओढून काठावर ठेवली. “बघू,” त्या म्हणाल्या, “इचार करायलेय.”

तो विचार त्यांनी पुढची अकरा वर्षं केला. अप्पा रोज सकाळी त्यांच्यासाठी चूल पेटवून ठेवायचे.